बोलणारे एक, मरणारे दुसरे

युद्धाचीं चित्रें पडद्यावर पुष्कळ येऊन गेलीं. त्यांतील बहुतेकांत तोफा गाजतात, ध्वज फडकतो आणि प्रेक्षक समाधानानें घरीं जातो. लुई माइलस्टोन या दिग्दर्शकानें १९३० सालीं अमेरिकेंत काढलेला 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' हा बोलपट मात्र प्रेक्षकाला तसें सुखानें जाऊं देत नाहीं. एरिख मारिया रेमार्क या जर्मन लेखकाच्या १९२९ सालच्या कादंबरीवरून तो घेतलेला असून, उत्कृष्ट चित्र व उत्कृष्ट दिग्दर्शन अशीं दोन ऑस्कर पारितोषिकें त्यास मिळालीं. आज इतक्या वर्षांनीं तो पाहतांना आमच्या मनांत तोफांपेक्षां अधिक सलतो तो त्यांतील एक शाळामास्तर.

कथा १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांतील आहे. जर्मनींतील एका गांवीं शाळेच्या खिडकीबाहेरून पलटणी वाजतगाजत चालल्या आहेत आणि आंत कांटोरेक मास्तर पितृभूमीवर व्याख्यान देत आहेत. पोरें भारावून जातात, पुस्तकें भिरकावतात आणि सैन्यांत नांव नोंदवितात. पॉल बॉयमर हा त्यांतलाच एक. छावणींत त्यांना कवाईत शिकविण्यास येतो कोण, तर कालपर्यंत गांवांत टपाल वांटणारा हिमेलस्टॉस! गणवेष अंगावर चढतांच तो जुनी ओळख विसरतो आणि मुलांना चिखलांत लोळवितो. प्रेक्षक येथें हंसतो. पण तें हंसूं फार वेळ टिकत नाहीं.

रणांगणावर वर्गांतला एकेक सोबती गळूं लागतो. केमरिखचा पाय कापला जातो, आणि तो मरणशय्येवर असतांनाच त्याच्या उंची बुटांवर मित्राची दृष्टि जाते. पुढें ते बूट एकाच्या पायांतून दुसऱ्याच्या पायांत जातात. घालणारे जातात, बूट तेवढे उरतात. तोफगोळ्यानें पडलेल्या खड्ड्यांत पॉल एका फ्रेंच शिपायास भोसकतो व त्या मरणोन्मुख माणसाजवळ रात्र काढतो. त्याच्या खिशांतून बायकोचें व मुलीचें छायाचित्र निघतें, तेव्हां ज्याला मारलें तो कोण होता हें त्यास कळतें.

परंतु चित्राचें मर्म आम्हांस रजेच्या प्रसंगांत दिसतें. पॉल घरीं येतो, तों आई अंथरुणास खिळलेली. वडील व त्यांचे स्नेही मद्यगृहांत नकाशा पसरून, पॅरिस कसें घ्यावें याचा उपदेश रणांतून आलेल्या पोरालाच करीत आहेत. शाळेंत मास्तर नव्या वर्गापुढें तेंच जुनें व्याख्यान देत आहेत. पराक्रमाच्या चार गोष्टी सांग, असा ते पॉलला आग्रह करतात. तो खरें तें सांगतो, आणि कोवळीं पोरें त्यालाच भेकड म्हणतात. रजा संपण्याआधींच तो खंदकाकडे परततो. शेवटीं एका शांत दिवशीं, फुलपाखराकडे हात पुढें करीत असतांना, त्यास गोळी लागते.

हें सत्य कित्येकांना सोसलें नाहीं. डिसेंबर १९३० मध्यें बर्लिनच्या चित्रगृहांत गोबेल्सच्या अनुयायांनीं पांढरे उंदीर सोडून व दुर्गंध पसरवून खेळ उधळला, आणि थोड्याच दिवसांत सरकारी मंडळानें चित्रावर बंदी घातली. १९३३ सालीं रेमार्कच्या पुस्तकांची होळी झाली. १९३८ सालीं त्याचें नागरिकत्व हिरावलें गेलें. पॉलची भूमिका करणाऱ्या लू एअर्सनें १९४२ सालीं शस्त्र धरण्यास नकार दिला. त्याची निंदा झाली. पण पुढें पॅसिफिकच्या रणक्षेत्रांत त्यानें जखमींची शुश्रूषा केली.

देशरक्षणार्थ शस्त्र धरण्याचा प्रसंग राष्ट्रावर येतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. कांटोरेक मास्तरही कांहीं दुष्ट नव्हते. न पाहिलेल्या गोष्टीविषयीं ते खात्रीनें बोलत होते, एवढेंच. ज्या घरांत वडिलांचा शब्द प्रमाण मानतात, तेथें हा दोष सहज शिरतो, आणि आम्हां लेखणीवाल्यांतही तो थोडा नाहीं. मुलास ज्या वाटेवर धाडावयाचें, त्या वाटेवरील कांटे त्यास आधीं दाखवावे. मग तो गेला, तरी स्वतःच्या निश्चयानें जाईल. घरांतील मोठ्या मुलांना जवळ बसवून वडीलधाऱ्यांनीं हा बोलपट एकदां अवश्य पाहावा.