दुरुस्तीला गेलेली बंदूक

शेतावरची कुठलीही वस्तू बिघडली, तर ती घेऊन कोणाकडे जायचे हे आपल्याला पाठ असते. पंपाची मोटार जळाली तर वायंडिंगवाला, कोयत्याची धार गेली तर लोहार, फवारणीच्या पंपाचे वॉशर फाटले तर बाजारातले अवजारांचे दुकान. एकाने अडवले तर दुसरा असतो. पण घरात परवान्याची बंदूक असेल आणि ती बिघडली, तर मात्र माणूस उंबऱ्यावरच अडतो. लोहाराकडे नेता येत नाही, स्वतः उघडण्यात धोका, आणि ज्याच्याकडे नेता येते तो बसलेला दूर शहरात. त्यालाही हे ठाऊक असते की हा गिऱ्हाईक जाऊन जाऊन जाणार कुठे!

बंदूक म्हटली की शहरातल्या माणसाला सिनेमा आठवतो. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापूरकडच्या शेतकऱ्याला भाताच्या लोंब्या आठवतात. दाणा भरू लागला की रानडुकरांचा कळप उतरतो. खातो थोडे, लोळून आणि उकरून नासतो त्याच्या दसपट. अशा वेळी डबे वाजवायचे, शेकोटी पेटवायची, माळ्यावर जागायचे आणि अगदीच निकड आली तर हवेत बार काढायचा. (डुक्कर मारायचे असेल तर बंदुकीचा परवाना पुरत नाही, वनखात्याची वेगळी परवानगी लागते, हे विसरू नये.) पीक राखण्यासाठी शेतकऱ्याला बंदूक लागते हे कायद्यालाही मान्य आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. ठासणीची पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याचीही सोय त्यात आहे.

आमच्या मामांकडे अशीच एक दुनळी आहे, बारा बोअरची. वडिलांच्या पश्चात रीतसर अर्ज करून परवाना त्यांनी आपल्या नावावर करून घेतला. २०२४ च्या उन्हाळ्यात तिची उजवी नळी रुसली. चाप ओढला की खट् आवाज व्हायचा, बार नाही. मामांनी आधी काडतुसे दमट झाली असतील म्हणून नवी आणली. तीही तशीच. काडतूस बाहेर काढून पाहिले तर बुडाच्या टोपीवर पिनेचा नुसता टिंब. म्हणजे स्प्रिंग ढिली झाली असेल, नाही तर पिनेचे टोक झिजले असेल. इथे एक सांगून ठेवतो. बार उडाला नाही म्हणून लगेच बंदूक मोडून बघायची नाही. कधी कधी टोपी उशिराने पेटते. नळीचे तोंड मोकळ्या, निर्धोक दिशेला धरून निदान एक मिनिट उभे राहावे आणि मगच काडतूस काढावे. मामा हे कटाक्षाने पाळतात, म्हणून त्यांची दहाही बोटे शाबूत आहेत.

लावणी आटोपली आणि जुलै महिन्यात मामा बंदूक घेऊन निघाले. रिकामी केलेली, खोळीत घातलेली, परवाना खिशात. गावाहून मुरबाड, मुरबाडहून एस. टी.ने कल्याण, पुढे लोकल. दुकानदाराने बंदूक हातात घेतली, डोळ्याशी धरली, म्हणाला, "किरकोळ काम आहे काका. पंधरा दिवसांनी या." एका चिठोऱ्यावर लिहून दिले: दुनळी एक, दुरुस्ती, ॲडव्हान्स दोन हजार. खाली काहीतरी सहीसारखे.

पंधरा दिवसांनी गेले, तर स्प्रिंग आली नव्हती. महिन्याने गेले, तर कारागीर गावी गेला होता. गणपतीनंतर गेले, तर दुकान बंद. दर खेपेला दिवस मोडायचा, भाड्याचे पैसे जायचे, दुपारी वडापाव खाऊन संध्याकाळच्या गाडीने परत. फोन केला तर कोणीतरी पोरगा उचलायचा आणि "शेठ बाहेर गेलेत" म्हणायचा. चौथ्या खेपेला मामा जरा चढ्या आवाजात बोलले, तेव्हा दुकानदार हसून म्हणाला, "काका, हे काय सायकलचं पंक्चर आहे का?" मामा म्हणाले, "पंक्चरवाला निदान ट्यूब माझ्यासमोर तरी उघडतो."

मामीचे म्हणणे वेगळेच. "लेक सासरी दिली तरी खुशाली कळते. हिची तीपण नाही."

इकडे लोंब्या भरल्या. रात्रीची राखण डबा आणि बॅटरीवर चालू होती. ओढ्याकडच्या दोन खाचरांत डुकरे लोळून गेली. तेवढे नुकसान सोसता आले असते. खरी धास्ती पुढे होती.

१५ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे जमा करून घेण्याची पद्धत आहे. कोणाची घ्यायची, कोणाला सूट द्यायची हे छाननी करून ठरवतात. मामांना नोटीस आली, बंदूक जमा करा. मामा पोलीस ठाण्यात गेले आणि म्हणाले, बंदूक दुरुस्तीला आहे. हवालदार भला माणूस होता. त्याने पावती मागितली. मामांनी चिठोरे पुढे केले. हवालदाराने ते उलटून पालटून पाहिले आणि विचारले, "यावर बंदुकीचा नंबर कुठाय? परवान्याचा नंबर कुठाय? दुकानाचा शिक्का कुठाय?"

मामांच्या पायाखालची जमीन तिथे सरकली. पंप मेकॅनिकाकडे हरवला तर पंपाचे पैसे बुडतात. बंदूक दुकानातून इकडची तिकडे झाली, तर पहिला प्रश्न परवानेदाराला: तुझ्या नावावरचे शस्त्र कुठे आहे? त्याला उत्तर म्हणून मामांकडे काय होते? वहीच्या कागदाचा एक तुकडा.

त्या रात्री मामांचा फोन आला आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो. दुकानात आवाज चढवायचा नाही असे आधीच ठरवले होते. मी एवढेच म्हणालो, "शेठ, बंदूक आम्हाला दाखवा, आणि बंदुकीचा नंबर, परवान्याचा नंबर, आणल्याची तारीख, बिघाड काय, किती पैसे घेतले, हे सगळे तुमच्या शिक्क्याच्या कागदावर लिहून द्या." तो म्हणाला, "इतकी वर्षे धंदा करतोय, असं कोणी मागत नाही." मग मी विचारले, "तुमच्या नोंदवहीत आमच्या बंदुकीची नोंद कुठल्या तारखेला आहे, तेवढी दाखवता का?" शस्त्रांची विक्री-दुरुस्ती करणाऱ्या परवानाधारकाला नोंदवही ठेवावी लागते आणि ती तपासण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्याला असतो. हे त्याला आमच्यापेक्षा चांगले माहीत होते. वही काही त्याने दाखवली नाही, पण दहा मिनिटांत शिक्क्याचा कागद हातात आला. बंदूकही पाहायला मिळाली. कोपऱ्यातल्या कपाटात आमच्याच खोळीत होती. जुलैत बांधलेली खोळीची नाडीही सुटली नव्हती.

तो कागद पोलीस ठाण्यात चालला. बंदूक मात्र घरी आली जानेवारीत, खळे उठून गेल्यावर. एकूण खर्च चार हजार आठशे. दुकानदाराने काडतूस न घालता चाप ओढून दाखवला आणि झाले म्हणाला. घरी आणून पाहतो तो उजवी नळी पुन्हा मुकी. टोपीवर तोच टिंब.

आता मामांचा संताप अनावर झाला. "गावातल्या लोहाराला दिली असती तर आठवड्यात झाली असती," म्हणाले. झाली असती कदाचित. त्या लोहाराच्या हातात कसब आहे. पण शस्त्र कायद्याच्या ५ व्या कलमाने शस्त्र बनवायला, विकायला जसा परवाना लागतो, तसाच दुरुस्तीलाही लागतो. बिनपरवाना दुरुस्ती केली तर शिक्षा कैदेची आहे. लोहार अडकला असता आणि त्याच्याबरोबर मामाही. मला हे कलम चुकीचे वाटत नाही. कोणीही कुठेही बंदुका उघडू-जोडू लागला तर गावठी कट्टे बनवणाऱ्यांचे आयतेच फावेल. पण कायद्याने गिऱ्हाईक ज्याच्या दारात बांधून दिले, त्याने त्या गिऱ्हाइकाला साधी धड पावतीही देऊ नये, हे मात्र सहन करण्यासारखे नाही.

कमरेला लावायच्या शस्त्रांची गत याहून बिकट. कल्याण-डोंबिवली, अंबरनाथकडच्या गावांत जमिनी विकल्यावर काहींनी परवाना काढून रिव्हॉल्व्हर घेतले. देशी बनावटीचे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर तयार होते कानपूरच्या सरकारी कारखान्यात. २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून ज्याचा गाजावाजा झाला ते सव्वा लाखाच्या घरातले 'निर्भीक'ही तिथलेच. त्यात नीट न बसणारा एखादा भाग निघाला, तर कल्याणच्या माणसाने डोळे लावायचे कानपूरकडे. अंबरनाथला आयुध कारखाना आहे म्हणून कोणी तिथे चौकशी करील, पण खासगी माणसाचे शस्त्र दुरुस्त करणे हे त्या कारखान्याचे काम नव्हे. जुनी विलायती शस्त्रे असतील तर सुटा भाग मिळणे म्हणजे नशिबाचा भाग.

मामांनी पुढे काय केले ते सांगतो, कारण ते कोणालाही करता येईल. आम्ही दुकानदाराला एक पत्र लिहिले. शिव्या नाहीत, धमकी नाही. कुठल्या तारखेला बंदूक दिली, किती खेपा झाल्या, किती पैसे दिले, बिघाड तसाच आहे, पंधरा दिवसांत नीट दुरुस्त करून रीतसर बिल द्यावे, नाही तर ग्राहक आयोगाकडे आणि दुकानाला परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे तक्रार करू. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे पत्र रजिस्टर पोचपावतीने पाठवले. (२०२५ मध्ये टपालखात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केले आहे. आता पाठवायचे तर स्पीड पोस्टाने, पोचपावती मागून.) आठव्या दिवशी शेठचा स्वतःचा फोन. "काका, कशाला एवढं? या घेऊन." या वेळी पिन बदलली, स्प्रिंग बदलली, जुने दोन्ही भाग कागदात गुंडाळून मामांच्या हातात दिले आणि बिलही दिले. वरचे पैसे घेतले नाहीत. आधीच्या खेपांचे भाडे आणि मोडलेले दिवस मात्र परत कोण देणार?

पत्रातली आयोगाची गोष्ट पोकळ नव्हती. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही सेवा आहे आणि ती नीट न करणे ही सेवेतील त्रुटी. बिल किंवा पावती न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा ठरते. नव्या कायद्यात मोठी सोय अशी, की तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. दुकान मुंबईत असो की कानपूरला कारखाना असो, मुरबाडच्या माणसाला ठाणे जिल्हा आयोग जवळचा. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत दोन वर्षांची. आधी नुसता सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आजोबांपासून ऐकत आलो; पण या आयोगाच्या पायरीला ती म्हण लावू नये असे माझे मत आहे.

आता एक प्रश्न, जो मामींनीच विचारला. मामांचे गुडघे धरतात. दर वेळी बंदूक घेऊन त्यांनीच हेलपाटे घालायचे का? तशी गरज नाही. शस्त्र कायद्याच्या ३ ऱ्या कलमातच म्हटले आहे की परवानेदाराच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्या माणसाला, त्याचा स्वतःचा परवाना नसला तरी, दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी बंदूक नेता येते. तोंडी निरोप चालत नाही, लेखीच हवे. मामांनी मुलाला असे पत्र करून दिले: माझ्या नावावरील अमुक क्रमांकाच्या परवान्याची अमुक क्रमांकाची बारा बोअर दुनळी बंदूक दुरुस्तीसाठी अमुक दुकानात नेण्या-आणण्यास माझा मुलगा अमुक यास अधिकार देत आहे, खाली तारीख आणि सही. पत्राबरोबर परवाना द्यावा, बंदूक रिकामी आणि खोळीत असावी, काडतुसे घरीच ठेवावी. परत येताना त्या खोळीत बंदूक नसेल, तर तिच्या नंबराची शिक्क्याची पावती असल्याशिवाय मुलाने दुकानाची पायरी उतरायची नाही, असे मामींनी पत्राच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.