गेम नव्हे, धूळ!

"गेम खेळून खेळून कॉम्प्युटर बिघडवला!" हे वाक्य आमच्या नातेवाइकांत इतक्यांदा ऐकलं, की शेवटी लिहायला बसलो. नातू अकोल्याला असतो. एप्रिलपासून त्याचा डेस्कटॉप गेम सुरू केला की वीसेक मिनिटांत आपोआप बंद पडू लागला. घरच्यांनी पोराला दोषी ठरवलं, तर दुरुस्तीवाल्याने डबा न उघडताच "नवीनच घ्या" म्हणून सांगितलं. दोघांनीही तपास केला नाही, निकाल मात्र दिला.

मी बी.ए.ला मराठी घेतलेला मास्तर, विज्ञानाचा नव्हे. पण परीक्षेमुळे मुलगा कच्चा होत नाही, कच्चेपणा फक्त कळतो, एवढं चाळीस वर्षांत शिकलो. गेमचंही तसंच. पत्र टाइप करताना यंत्र जेमतेम जागं असतं, गेममध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांनाही जुंपलं जातं. कार्डाने २०० वॅट वीज खाल्ली, की तेवढ्याचीच उष्णता होते. ती बाहेर पडली नाही, तर प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो (गेम अडखळायला लागतो तो इथे) आणि तरीही भागलं नाही तर जीव वाचवायला यंत्र बंद होतं. बऱ्याच प्रोसेसरची ही मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते.

आता अकोल्याचा उन्हाळा घ्या. पंखा खोलीतलीच हवा फिरवतो, तिच्यापेक्षा थंड काही करू शकत नाही. खोली २५ ऐवजी ४० अंशांवर गेली, की आतलं तापमानही साधारण तेवढ्याच पंधरा अंशांनी चढतं. त्यात आपण तो डबा टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबतो, पाठ भिंतीला टेकवतो आणि वर हौसेने कव्हर घालतो! आणि मग पोरावर ओरडतो.

तपास अवघड नाही. एचडब्ल्यूइन्फोसारखा फुकट प्रोग्राम टाकून गेम खेळताना आकडे बघायचे. नातवाचा प्रोसेसर ९८ दाखवत होता. मग डब्याची बाजूची पत्र्याची झडप काढून तोच गेम खेळायचा. आकडा बराच उतरला, तर हवा कोंडते आहे. फारसा उतरला नाही, तर धूळ, बंद पडलेला पंखा किंवा प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट. आणि आकडे मुळात ठीक असूनही यंत्र बंद पडत असेल, तर उष्णतेचा नाद सोडून पॉवर सप्लायवर संशय घ्यावा.

इथे धूळच निघाली. वायर काढून, पंख्याची पाती बोटाने धरून (नाहीतर ती हवेने भरमसाट फिरतात) ब्लोअर मारला. हीटसिंकच्या पट्ट्यांतून गोधडीच्या कापसासारखा थर निघाला. जुनी पेस्ट पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली. डबा कप्प्यातून बाहेर आला. आता तोच गेम ७९ अंशांवर चालतो. खर्च पेस्टच्या नळीचा. वाळ्याच्या कूलरची ओली हवा मात्र त्यावर सोडू नका बरं का.

काही मंडळी म्हणतील, "मास्तर, तुम्ही गेमची वकिली करता!" मुळीच नाही. पोरांनी किती वेळ खेळावं हा घरात जरूर बोलण्याचा विषय आहे, मीही बोलतो. पण त्या भांडणात यंत्राला खोटा साक्षीदार म्हणून उभं करू नका. पोरगं एक दिवस झडप उघडतं, आतली धूळ बघतं आणि मग तुमच्या खऱ्या उपदेशावरचाही त्याचा विश्वास उडतो. नव्या कॉम्प्युटरच्या किमतीपेक्षा हे नुकसान मोठं.

असो. तुमच्या घरातला डबा शेवटचा कधी उघडला होता, ते जरा आठवून बघा.