हेलिकॉप्टरची पाती आणि कंत्राटाची हमी

जून २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने नागपुरात हेलिकॉप्टरनिर्मितीचा प्रकल्प उभारण्यासाठी मॅक्स एरोस्पेस या खाजगी कंपनीशी सामंजस्य करार केला. आठ हजार कोटी रुपयांचा आकडा जाहीर झाला. नागपूरपासून पन्नासएक किलोमीटरवरील शहापूरच्या तरुणांना त्याचे अप्रूप वाटले तर नवल नाही. कारखाना उभा राहील तेव्हा राहील. वर्षानुवर्षे पुरणारे काम मात्र दुरुस्तीचे आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्राने १५६ प्रचंड हेलिकॉप्टरांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी ६२,७०० कोटींचे करार केले. जुनी चेतक, एमआय-१७ आणि ध्रुव आहेतच. यांच्या पात्यांचे आयुष्य उड्डाणाच्या तासांवर मोजले जाते. तेव्हा पात्यांच्या ओव्हरहॉलच्या सरकारी निविदा निघत राहणार आणि त्यांच्या मागे कंपन्यांची रांग लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

हे काम साधे नव्हे. वाळूधुळीने पात्याची पुढची कड झिजते. संमिश्र द्रव्याचे पाते लहान हातोडीने किंवा नाण्याने हलकेच ठोकून पाहतात. आतला थर सुटला असेल तर नाद बदलतो, आणि तो ओळखणारा कान तयार व्हायला वर्षे लागतात. एमआय-१७ च्या पात्याच्या पोकळ कण्यात दाबाखाली हवा भरलेली असते. तडा गेला की दाब उतरतो आणि दर्शकात लाल खूण दिसते. शेवटी सर्व पात्यांचा तोल एकमेकांशी जुळवावा लागतो. एवढे कौशल्य सर्वांत कमी दराच्या निविदेत मिळेल काय? दर पाडणारा कंत्राटदार बचत कोठून काढतो, हे कामगाराला वेगळे सांगावे लागत नाही.

१ नोव्हेंबर २०२५ पासून संरक्षण खरेदीची नवी नियमपुस्तिका लागू झाली आहे. विमाने व जहाजे यांच्या दुरुस्तीत काम वाढले तर त्यासाठी पंधरा टक्क्यांची तरतूद आधीच करण्याची मुभा तीत आहे. स्वदेशी उत्पादन विकसित करणाऱ्या पुरवठादाराला पाच वर्षांपर्यंत मागणीची हमी देण्याचीही सोय आहे. दुरुस्ती रेंगाळू नये म्हणून पहिली तरतूद योग्यच म्हणावी लागेल. पण याच पुस्तिकेने, बाहेर निविदा काढण्यापूर्वी जुन्या आयुध निर्माणी मंडळाकडून ना-हरकत घेण्याची अट काढून टाकली.

शहापूरच्या शेजारी, जवाहरनगरला, भंडारा आयुध निर्माणी आहे. तेथे प्रणोदके बनतात. तेथे पाती दुरुस्त करा असे कोणी म्हणणार नाही. परंतु सरकारी कारखाना बाजारात ढकलला की काय होते, हे शहापूरकरांना जवळून पाहता आले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ४१ निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या आणि भंडारा म्युनिशन्स इंडियाकडे गेली. कामगार प्रतिनियुक्तीवर कंपनीत गेले. त्याआधी संघटना संपाच्या तयारीत असताना अत्यावश्यक संरक्षण सेवांचा वटहुकूम आला, मग कायदा. संप बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारने घेतला. त्याची मुदत एकाच वर्षाची होती, पण काम तेवढ्यात उरकले. २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात याच निर्माणीत किमान आठ जणांचे प्राण गेले.

पुरवठादाराला मागणीची हमी मिळते, तर पाते ठोकून पाहणाऱ्या हाताला नोकरीची का नको? हवाई दलाच्या देखभाल कमांडचे मुख्यालय नागपुरातच आहे. चंदीगडच्या सरकारी डेपोत एमआय हेलिकॉप्टरांचे ओव्हरहॉल होते. तशीच एक सार्वजनिक कार्यशाळा पात्यांसाठी विदर्भात उभी करावी, अशी मागणी भंडारा-नागपूरच्या खासदारांकडून संसदेत मांडून घेणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे. तोवर निघणाऱ्या प्रत्येक निविदेत कायम कामगारांचे किमान प्रमाण, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिकाऊ उमेदवारांना जागा आणि कामगार प्रतिनिधींसह सुरक्षा समिती या अटी दराच्या आधी तपासल्या जाव्यात. शहापूरच्या तरुणाला त्या कार्यशाळेत जायचे असेल, तर कंत्राटदाराच्या हजेरीपुस्तकातून नव्हे, नेमणुकीचे पत्र हाती घेऊन जाता आले पाहिजे.