पुढची जागा कुणाची?

"टीव्हीवर किती स्पष्ट दिसतं, मग तिथे धूळ खायला कशाला जायचं?" हा प्रश्न आमच्या घराण्यात मला २००८ सालापासून विचारला जातोय. लग्नात, बारशाला, एकदा तर तेराव्याच्या जेवणालाही. विचारणाऱ्यांत आत्या आघाडीवर. आत्या इथलं सगळं वाचते, पण प्रतिक्रिया फोनवरच देते, तेव्हा आधी तिचा हिशेब मिटवतो. माझं खरं भांडण आत्याशी नाहीच, ते पुढे येईल.

तर १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, वांद्रे-कुर्ला संकुलातलं एमएमआरडीएचं मैदान, आयर्न मेडन. (मामा, काका आणि इतर ज्येष्ठांसाठी: हा लंडनचा हेवी मेटल बँड. स्टीव्ह हॅरिस नावाच्या बास गिटार वाजवणाऱ्या माणसाने १९७५ साली काढलेला. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन हा परवानाधारक वैमानिक आहे आणि त्या दौऱ्यात बँडचं बोइंग ७५७ विमान तोच उडवत होता. दौऱ्याची सुरुवात मुंबईपासून झाली. त्यावर निघालेल्या 'फ्लाइट ६६६' या माहितीपटात आपलं ते मैदान दिसतं.) त्याआधी मार्च २००७ मध्ये ते बंगळुरूला येऊन गेले होते. तेव्हा मला जमलं नव्हतं. मुंबईला मात्र भिवंडीहून सकाळीच निघालो, दुपारपासून रांगेत उभा राहिलो आणि बॅरिकेडपासून चौथ्या ओळीत जागा मिळवली.

आता चौथ्या ओळीतून काय दिसतं ते ऐक, आत्या. टीव्हीवर काय दिसतं? दिग्दर्शकाला जे दाखवावंसं वाटतं ते. गाणारा गातोय म्हटल्यावर कॅमेरा गाणाऱ्यावर. सोलो सुरू झाला की गिटारवाल्यावर. मग क्षणभर गर्दी, त्यात खांद्यावर बसलेली एखादी मुलगी, की परत गाणारा. मला बघायची होती हॅरिसची उजव्या हाताची बोटं. हा माणूस पट्टी वापरत नाही, नुसत्या बोटांनी घोडदौडीची लय वाजवतो, टगडक-टगडक-टगडक, आणि तीही सलग सहा-सात मिनिटं. कॅसेटवर ऐकताना मला वर्षानुवर्षं शंका होती की यात काहीतरी स्टुडिओची करामत असणार. ती शंका चौथ्या ओळीत फिटली. आणखी एक दिसलं: तो गायक नाही, समोर माइक असो-नसो, पण गाण्याचा शब्द न् शब्द तो ओठांनी म्हणत असतो, आणि म्हणताना पुढच्या ओळींतल्या पोरांच्या तोंडाकडे बघतो. एक पाय मॉनिटरवर, बास बंदुकीसारखी आमच्यावर रोखलेली, आणि डोळे तपासताहेत की समोरच्याला शब्द येतायत की नाही. त्या दिवशी मी ब्रूस डिकिन्सनकडे जेमतेम बघितलं असेन. जवळ उभं राहण्याचा हाच फायदा, की कुठे बघायचं ते तुम्ही ठरवता.

भिवंडीत वाढलेल्या माणसाला अशा लयीची ओढ का, हे भिवंडीकरांना सांगायला नको. आमच्या घरामागे यंत्रमागांचा कारखाना होता. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, रात्रंदिवस. आजी म्हणायची, त्या आवाजावरच हा पोरगा झोपतो. खरंच होतं ते. लोडशेडिंगच्या काळात लाइट गेली की माग बंद पडायचे आणि त्या अचानक शांततेने अख्ख्या आळीची झोपमोड व्हायची. मी पहिल्यांदा मेडनची कॅसेट घरी लावली तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "मागे कमी खडखडाट आहे का, म्हणून विकत आणलास?" असो.

आणि जवळून बघणं हे काही मी इंग्लंडहून शिकून आलो नाही. आमच्याकडच्या आगरी गावांत हळदीच्या रात्री बेंजो पार्टी असते. बेंजोवाला खुर्ची टाकून बसतो आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर पोरं नाचत असतात. लहान पोरं तर त्याच्या गुडघ्याला टेकून बोटांकडे बघत राहतात. उरुसातल्या कव्वालीला सतरंजीवर पुढे सरकत सरकत माणूस पेटीपर्यंत पोचतो. एकादशीच्या भजनात पखवाजवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसता येतं. तिथे पुढे कोण बसतं? जो लवकर येतो तो, ज्याला कळतं तो, किंवा ज्याला कळून घ्यायचंय तो. अर्थात पुढाऱ्यांसाठी दोन खुर्च्या राखून ठेवायची खोड तिथेही शिरलीच आहे, पण त्या खुर्च्या बऱ्याचदा रिकाम्या असतात आणि पोरं त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसतात. आपल्याकडे कलाकाराच्या जवळ जाणं ही ऐकणाऱ्याची बाब होती. ती पैशाची बाब कधी झाली?

इथून माझं खरं भांडण सुरू होतं.

आजकाल मोठ्या कार्यक्रमांत मैदानाचे प्लॉट पाडतात. स्टेजला लागून एक वाडगं, त्याला फॅन पिट म्हणा, गोल्ड म्हणा, व्हीआयपी म्हणा. मग लोखंडी बॅरिकेड. त्यामागे दुसरं वाडगं. मग परत बॅरिकेड आणि सगळ्यात शेवटी 'जनरल', म्हणजे तुम्ही-आम्ही. बाजूला उंचावर सोफे टाकलेली लाउंज, तिथे जेवणाची सोय. मी अशा एका कार्यक्रमात (नाव घेत नाही) दुसऱ्या वाडग्यात उभा होतो. पुढचं वाडगं अर्धं रिकामं. जे होते त्यांतले निम्मे स्टेजकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते. गाणं येत होतं ते आमच्या वाडग्याला. स्टेजवरचा बिचारा गायक पुढच्यांना गायला सांगतोय, पुढचे बीअरच्या रांगेत, आणि आमचा आवाज दोन बॅरिकेडं ओलांडून त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत पुढची ओळ सुरू. फसवणूक फक्त आमची होत नव्हती, त्या गाणाऱ्याचीही होत होती. हॅरिस ज्या तोंडांकडे बघत वाजवतो ती तोंडंच समोरून काढून टाकली, तर तो कुणाकडे बघून वाजवणार?

यावर आमचे एक काका (बँकेतून निवृत्त, त्यामुळे हिशेबाला पक्के) म्हणतात, "नाटकालासुद्धा पुढच्या रांगेचं तिकीट महाग असतंच की." असतं, काका. पण ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये पुढच्या आणि मागच्या तिकिटात काहीशे रुपयांचा फरक असतो, आणि मागच्या रांगेतूनही नटाचा चेहरा दिसतो, कुजबुज ऐकू येते. ५० हजारांच्या स्टेडियममध्ये मागच्याला नट दिसतच नाही. त्याला दिसतो पडदा. म्हणजे पुढच्याला कार्यक्रम विकला आणि मागच्याला त्याच कार्यक्रमाचा टीव्ही विकला. आत्याचा मुद्दा मी इथे पूर्ण मान्य करतो: टीव्हीच बघायचा असेल तर घरी बसावं.

जानेवारी २०२५ मध्ये नव्या मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले आले, १८, १९ आणि २१ तारखेला. आमचा भाचा त्यांचा भक्त. २२ सप्टेंबर २०२४ ला भर दुपारी तिकिटं सुटली, आणि भाच्याच्या पुढे 'रांगेत' काही लाख माणसं. दर २,५०० पासून सुरू, मैदानात उभं राहायचे ६,४५०, लाउंजचे ३५,०००. थोड्या वेळात सगळं संपलं आणि लगेच तीच तिकिटं दुसरीकडे अव्वाच्या सव्वा भावाने झळकायला लागली, काही तर लाखांच्या घरात. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत तक्रार गेली. कोल्डप्लेच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी: त्यांनी मैदानाचे प्लॉट पाडले नाहीत, उभं राहणाऱ्या सगळ्यांना दर एकच ठेवला. शिवाय नोव्हेंबरात सुमारे २,००० रुपयांची थोडी तिकिटं काढली, जागा कुठे मिळेल ते आधी कळणार नाही या अटीवर. म्हणजे कुणी अगदी वर कोपऱ्यात बसेल, कुणी थेट खाली मैदानात. हे त्या बँडचं जगभरचं धोरण आहे. जमतं, याचा हा पुरावा.

"परवडत नाही हो, एवढी मोठी यंत्रणा आणायची म्हणजे!" हा आयोजकांचा आणि त्यांच्या वतीने आपल्याच मित्रांचा युक्तिवाद. मेडनवाले तर आपलं १२ टन सामान विमानात घालून जगभर फिरले. खर्च होतो, कबूल. तो वसूल करायला तिकीट महाग ठेवा, तेही एकवेळ समजू शकतो. पण पुढची जागा लिलावात काढल्याशिवाय खर्च निघतच नाही, हे खोटं आहे. द क्युअर या बँडने २०२३ च्या अमेरिका दौऱ्यात काही तिकिटं २० डॉलरपर्यंत खाली ठेवली, जिथे कायद्याने शक्य होतं तिथे ती दुसऱ्याला विकता येणार नाहीत असं केलं, आणि तिकीट कंपनीने वरून लावलेलं शुल्क बघून त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथ जाहीरपणे एवढा भडकला की कंपनीला त्यातले काही पैसे परत करावे लागले. आमच्या मेडनने २०१७ च्या ब्रिटन दौऱ्यात कागदी तिकिटं काढून टाकली. ज्याने पैसे भरले त्यानेच ओळखपत्र घेऊन दारात यायचं. काळाबाजारवाले बसले हात चोळत. आणि त्यांच्या फॅन क्लबात एक पद्धत आहे, बॅरिकेडपाशी आधी कुणाला सोडायचं त्याची सोडत काढतात. क्लबाची वर्गणी आहे, तिकीट तर घ्यावंच लागतं, पण बॅरिकेडच्या जागेचा वेगळा दर नाही.

आता मुंबईचं स्वतःचं उदाहरण घ्या, कारण आपल्याकडे हे सगळं नव्हतं असं नाही. धोबी तलावला सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी रंगभवन. उघड्यावरचं सरकारी सभागृह. १९८६ पासून पुढे बरीच वर्षं इंडिपेंडन्स रॉक, म्हणजे आय-रॉक, तिथे व्हायचा. भारतातल्या बँडसाठी ती परीक्षा होती. समोर उभी पोरं कॉलेजातली, खिशात लोकलचा पास आणि वडापावचे पैसे. बँड फालतू वाजला की हुर्यो, चांगला वाजला की डोक्यावर. पुढच्या पोराला गिटारवाल्याच्या बुटाची नाडी सुटलेली दिसायची. २००३ मध्ये ते रॉकसाठी बंद झालं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र, आणि रंगभवन नेमकं त्यात बसतं.

रुग्णाच्या झोपेशी माझं भांडण नाही. आमच्याकडे वराती आणि मिरवणुकांचे डीजे दवाखान्यांसमोरून जातात तेव्हा मीच खिडकीतून ओरडतो. पण एक दार बंद केलं तर दुसरं उघडायची जबाबदारी कुणाची तरी होती. हजार-दोन हजार माणसांचं, उघड्यावरचं, वस्तीपासून जरा दूर, विद्यार्थ्याला परवडेल अशा भाड्याचं मैदान. रंगभवनाच्या जागेवर मध्यंतरी मराठी भाषा भवनाची घोषणा झाली, मग ते चर्नी रोडला न्यायचं ठरलं. रॉकवाल्या पोरांचं काय, हे कुणी विचारलंही नाही. ती पोरं एकतर पबमध्ये गेली, जिथे दोन ज्यूसच्या किमतीत पूर्वी आख्खा आय-रॉक बघून झाला असता, नाहीतर स्टेडियमच्या शेवटच्या वाडग्यात.

माझे काही मित्र म्हणतात, मग तुझ्यासारखं दुपारपासून रांगेत उभं राहावं, ज्याची तळमळ जास्त तो पुढे. मला हेही पुरतं पटत नाही. दुपारपासून उभं राहायला दुपार मोकळी असावी लागते. आमच्याकडे मागावर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. आमच्या आळीत एक कारागीर होता, त्याच्या मोबाइलमध्ये मेडन आणि मेटालिका भरलेलं. कुठून शिकला देव जाणे, मूळचा पूर्व उत्तर प्रदेशातला. तो रांगेत कधी उभा राहणार? त्याची रजा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणं. वर भिवंडीचा प्रवास. भिवंडी रोड स्टेशन दिवा-वसई मार्गावर, दिवसातून मोजक्या गाड्या, म्हणजे जाताना कल्याण किंवा ठाणे गाठायचं आणि येताना शेवटची लोकल पकडून कल्याणहून शेअर रिक्षा, मिळाली तर. (कोल्डप्लेसाठी पश्चिम रेल्वेने मुंबई-अहमदाबाद खास गाड्या सोडल्या होत्या, हे आपलं जाता जाता.)

म्हणून मला सोडतच बरी वाटते. मैदानात उभं राहणाऱ्या सगळ्यांना तिकीट एकाच दराचं, तिकिटावर घेणाऱ्याचं नाव, न जमल्यास तिकीट छापील किमतीलाच परत, आणि स्टेजला लागून पहिल्या हजार जागांची जाहीर सोडत. लाउंजवाल्यांनी खुशाल उंचावर सोफ्यावर बसावं, हवे तेवढे पैसे भरावेत, माझी हरकत नाही. फक्त स्टेज आणि ऐकणारा यांच्यामध्ये येऊ नये. आपल्याला सोडत काही नवी नाही. म्हाडाची घरं सोडतीने निघतात, लोक रीतसर अर्ज भरतात, अनामत रक्कम भरतात, नाव लागलं नाही की ती परत घेतात. आमच्या मामांचं नाव आजवर एकदाही लागलेलं नाही. पुढच्या जाहिरातीचं कात्रण त्यांनी आतापासून कॅलेंडरमागे खोचायला जागा करून ठेवली आहे.