सायकलची पण स्पर्धा असते, बाई?

आठवीच्या वर्गात परवा विचारलं, आवडता खेळाडू कोण? फळा क्रिकेटवाल्यांच्या नावांनी भरला. दोन नावं पैलवानांची आली. कोल्हापूर जिल्हा म्हटल्यावर ती येणारच. सायकलपटू मात्र एकही नाही. आणि यातली निम्मी मुलं रोज सायकलवरून शाळेत येतात!

मग मी पूजा दानोळेचं नाव सांगितलं. आपल्याच जिल्ह्यातली मुलगी. 2020 साली गुवाहाटीच्या खेलो इंडिया स्पर्धेत सतरा वर्षांखालील गटात तिनं सायकलिंगमध्ये सुवर्णपदकं मिळवली. वर्ग गप्प. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सायकलची पण स्पर्धा असते, बाई?"

मुलांचा काय दोष? कबनूर-इचलकरंजी रस्त्यावर पाळी सुटली की हँडलला डबा अडकवलेले माग कामगार सायकलवरून घरी जाताना दिसतात. आपल्या डोक्यात सायकल म्हणजे गाडी परवडत नाही त्याचं वाहन. पोरगं कॉलेजला गेलं की सायकल सुटलीच पाहिजे.

इटलीत असाच एक गरिबाघरचा मुलगा होता, जिनो बार्ताली. फ्लॉरेन्सजवळच्या खेड्यातला, बाप मजूर. लहानपणी सायकल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. पुढे 1938 ला तूर द फ्रान्स जिंकली आणि मधे महायुद्ध होऊन गेल्यावर, दहा वर्षांनी, 1948 ला पुन्हा जिंकली. युद्धकाळात ज्यू लोकांना वाचवण्यासाठी खोटी ओळखपत्रं सायकलच्या नळीत लपवून त्यानं नेली, आणि नंतर त्याचा गाजावाजा केला नाही. आपल्याकडच्या पालकांना त्याच्या घरची भीती लगेच समजेल: 1936 मध्ये त्याचा धाकटा भाऊ शर्यतीतच अपघात होऊन गेला. जिनो सायकल सोडायच्या बेतात होता.

तो एवढा लोकप्रिय का झाला? जिंकला म्हणून, हे खरंच. पण मला दुसरं कारण मोठं वाटतं. तिथं 1909 पासून जिरो दि इटालिया ही शर्यत गावागावांतून जाते. तिकीट नाही, मैदान नाही. म्हातारी आपल्या दारात खुर्ची टाकून बसते आणि शर्यत तिच्या समोरून जाते. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' ठरतो, पण तो घाट आपल्या पोरांना दिसणार कधी?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. 26 जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर गावानं तासभर रस्ता अडवावा आणि मुलामुलींची शर्यत घरांसमोरून न्यावी. हेल्मेट सक्तीचं. गिअरची सायकल नको, घरात असेल ती चालेल.

हे सांगायचा मला हक्क आहे का, हा प्रश्नच आहे. चार वर्षांपूर्वी पालकसभेत एका मुलीच्या आईला मीच म्हटलं होतं, "दहावीचं वर्ष आहे, तिचं ते सायकल पळवणं बंद करा." पोरगी वाऱ्यासारखी जायची. मध्यंतरी आई बाजारात भेटली. मार्क चांगले पडले म्हणाली. सायकलचं विचारलं, तर ती भंगारात दिली.