कुणी माझं बिल भरत असेल तर भरू द्या की! मग कंपन्या आधी ओळख का विचारतात?

बिल भरायचं म्हणून तुम्ही कस्टमर केअरला फोन लावता. पलीकडून विचारणा होते, "सर, व्हेरिफिकेशनसाठी जन्मतारीख सांगाल? रजिस्टर्ड मोबाइल नंबर? पत्त्याचा पिनकोड?"

यावर सोशल मीडियावर एक विनोद कायम फिरत असतो. "अहो, कुणी भामटा माझं नाव सांगून माझंच बिल भरत असेल तर त्याला अडवता कशाला? भरू द्या की बिचाऱ्याला!"

विनोद झकास आहे, आणि त्यातला प्रश्नही रास्त आहे. बँकेतून पैसे काढताना ओळख विचारली तर आपण समजू शकतो. पण इथे आपण पैसे द्यायला आलोय. देवळाच्या दानपेटीत शंभराची नोट टाकताना कुणी आधार कार्ड मागत नाही. मग लाइट बिल, फोनचं बिल किंवा क्रेडिट कार्डचं बिल भरताना एवढी चौकशी कशाला?

गोम अशी आहे की, ज्याला आपण 'बिल भरणं' म्हणतो त्यात दोन वेगवेगळी कामं असतात. एक, पैसे देणं. दुसरं, खातं उघडून बघणं. पहिल्या कामाला फारशी ओळख लागत नाही. दुसऱ्याला लागते. पण फोनवर किंवा अ‍ॅपवर ही दोन्ही कामं एकापाठोपाठ होतात, त्यामुळे आपल्याला वाटतं की कंपनी पैसे घेण्यासाठीच ओळख मागतेय.

बिलात असतं तरी काय?

"माझं बिल किती आलंय?" या साध्या प्रश्नाच्या उत्तरात काय काय बाहेर येऊ शकतं, ते बघा. लाइट बिलावर नाव असतं, पत्ता असतं, आधीच्या महिन्यांत किती युनिट वीज वापरली त्याचा हिशेब असतो. आता कोकणातलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. मंडळी मुंबईला, घर वर्षातले दहा महिने बंद. गणपतीच्या महिन्यात युनिट वाढलेले आणि बाकी वर्षभर जवळपास शून्य. हे बिल चोराच्या हातात पडलं, तर घर कधी रिकामं असतं हे त्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचीही गरज नाही.

फोनचं बिल तर त्याहून नाजूक. कुणाशी, किती वाजता, किती वेळ बोललात याची यादी त्यात असू शकते. ही यादी किती महाग पडते याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २००६ साली ह्यूलेट-पॅकार्ड या बड्या कंपनीच्या संचालक मंडळातल्या गुप्त चर्चा बाहेर फुटत होत्या. खबर कोण देतंय हे शोधण्यासाठी खासगी तपासनीस नेमले गेले. या लोकांनी संचालक आणि पत्रकारांची नावं सांगून, आपण तेच आहोत असं भासवून त्यांच्या फोन कॉलचे तपशील मिळवले. टॉम पर्किन्स या संचालकाच्या बाबतीत तर त्याच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक वापरून टेलिफोन कंपनीच्या वेबसाइटवर त्याच्या नावाचं ऑनलाइन खातंच उघडलं गेलं. म्हणजे आपण घरबसल्या बिल बघायला जे खातं उघडतो, तेच.

प्रकरण बाहेर आलं, अध्यक्षा पॅट्रिशिया डन यांना पायउतार व्हावं लागलं. २००७च्या सुरुवातीला अमेरिकेत खोटी ओळख सांगून फोनचे तपशील मिळवणं हा गुन्हा ठरवणारा कायदा लागू झाला. टेलिफोन कंपन्यांनी फोनवरून तपशील देण्याआधी ग्राहकाची नीट खातरजमा करावी, असे नियमही त्याच वर्षी कडक झाले. तिथल्या कॉल सेंटरवाल्यांच्या प्रश्नावलीमागे असा इतिहास आहे. त्यांना उगाच हौस नाही.

'फक्त माझं कार्ड जोडून घ्या'

ठीक आहे, माहिती दाखवू नका. पण कुणी निव्वळ पैसेच देत असेल तर? त्यातही धोका आहे का?

आहे. २०१२च्या ऑगस्टमध्ये मॅट होनन या अमेरिकी पत्रकाराच्या बाबतीत जे घडलं ते यासाठी वाचण्यासारखं आहे. त्याने स्वतःच ते नंतर सविस्तर लिहिलं.

हॅकरांना त्याचं ट्विटरवरचं तीन अक्षरी नाव हवं होतं, बस्स. त्यांनी आधी अ‍ॅमेझॉनच्या कस्टमर केअरला फोन केला आणि सांगितलं, "मी मॅट, मला खात्यात एक नवीन क्रेडिट कार्ड जोडायचंय." नाव, ईमेल आणि पत्ता एवढ्यावर काम झालं. नवीन कार्ड जोडणं म्हणजे पैसे देण्याची सोय करणं, त्यात कसला धोका, असा हिशेब असणार. फोन ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा फोन. "माझं खातं उघडत नाहीये." ओळख पटवण्यासाठी कार्ड नंबर विचारला गेला, तेव्हा त्यांनी मघाशी स्वतःच जोडलेल्या कार्डाचा नंबर सांगितला!

ओळख पटली. नवीन ईमेल जोडला गेला, पासवर्ड बदलला गेला. आत शिरल्यावर मॅटच्या खऱ्या कार्डाचे शेवटचे चार अंक दिसले. अ‍ॅपल तेव्हा फोनवर ओळख पटवायला पत्ता आणि तेच चार अंक मागत असे. पुढच्या तासाभरात त्याचा आयफोन, आयपॅड आणि मॅकबुक दुरूनच कोरे केले गेले, गूगलचं खातं पुसलं गेलं. मुलीच्या जन्मापासूनचे फोटो त्या लॅपटॉपमध्ये होते आणि बॅकअप नव्हता. नंतर तज्ज्ञांकडून पैसे मोजून त्याला बरेचसे परत मिळाले. दोन्ही कंपन्यांनी आपली पद्धत बदलली.

इथे चोराने आधी काहीतरी 'दिलं', आणि दिलेलंच पुढे किल्ली म्हणून वापरलं. आपल्याकडच्या कॉल सेंटरलाही "शेवटचं बिल कधी आणि किती भरलं होतं?" असं विचारायची सवय आहे. तुमच्या खात्यावर कुणीही विचारपूस न होता दहा रुपये भरू शकत असेल, तर या प्रश्नाचं उत्तर तुमच्याआधी त्याला माहीत असेल. विनोदातला 'बिचारा' भामटा इथे दहा रुपयांत तुमची ओळख विकत घेतो.

पैसे आलेत, पण कुणाचे?

तिसरी गोष्ट पैशाच्या उगमाची. चोरलेल्या कार्डाचे पैसे रोख कसे करायचे, हा चोरापुढचा नेहमीचा प्रश्न. त्यावरचा एक उपाय म्हणजे लोकांची बिलं भरणं. टेलिग्राम-व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात येते, "कुठलंही बिल भरा, २० टक्के सूट." तुमचं ५,००० रुपयांचं बिल तो चोरीच्या कार्डावरून भरतो, तुम्ही त्याला यूपीआयने ४,००० देता. तुम्ही खूश, तोही खूश.

मग ज्याचं कार्ड चोरीला गेलं तो बँकेत तक्रार करतो. व्यवहार उलटला की कंपनीच्या हातातून ५,००० जातात आणि तुमच्या खात्यावर थकबाकी पुन्हा उभी राहते. चोराला दिलेले ४,००० गेले ते गेलेच. वर पैसा कुठून कुठे गेला याचा माग काढत पोलीस येतात तेव्हा, चोरीच्या पैशाने ज्याचं बिल भरलं गेलं ते नाव तुमचं असतं. हे 'मला काय माहीत' म्हणून झटकता येतं, पण चौकीच्या चार चकरा मारल्यावर.

याचाच भाऊबंद म्हणजे मुद्दाम जास्त पैसे भरणं. बिल २,००० चं, भरले २०,०००. मग फोन, "चुकून शून्य जास्त पडलं, उरलेले माझ्या या दुसऱ्या खात्यात पाठवा." म्हणूनच सावध कंपन्या परतावा ज्या कार्डातून किंवा खात्यातून पैसे आले तिकडेच पाठवतात, आणि त्याने ग्राहक वैतागतात.

रोखीचं गणित वेगळं. महावितरणने १ ऑगस्ट २०२३पासून शेतीची जोडणी वगळता लघुदाब ग्राहकांना रोखीने महिन्याला ५,००० रुपयांपर्यंतच बिल भरता येईल, अशी मर्यादा घातली. वर्षाला एक लाखाच्या वर वीजबिल भरणाऱ्याने प्राप्तिकर विवरणपत्र भरलंच पाहिजे, ही अट २०१९च्या अर्थसंकल्पातून आली. उत्पन्न 'नाही' म्हणणाऱ्याच्या घरी चार एसी कसे, हे सरकारला बिलांवरून कळतं. बिल भरणारा कोण, हा प्रश्न त्यामुळे एकट्या कंपनीचा राहिलेला नाही.

पण मग गावाकडचं बिल मी पुण्यातून कसं भरतो?

हा प्रश्न तुमच्या डोक्यात आला असेल तर बरोबर आला. मुलगा हिंजवडीत, आईवडील लातूरला. मीटर आजोबांच्या नावावर, जे जाऊन पंधरा वर्षं झाली. भाडेकरू मालकाच्या नावाचं बिल भरतो. आपल्याकडे ही रोजची गोष्ट आहे, आणि भरणाऱ्याने मीटरवरचाच माणूस असलं पाहिजे असा हट्ट धरला तर निम्म्या महाराष्ट्राचं बिल थकेल.

म्हणून आपल्याकडे ओळखीची वाटणी केलीये. फोनपे, गूगल पे किंवा बँकेच्या अ‍ॅपमधून बिल भरता तेव्हा मागे भारत बिल पेमेंट सिस्टम चालू असते. २०२४पासून तिचं नाव भारत कनेक्ट झालंय. महावितरणचं बिल असेल तर १२ अंकी ग्राहक क्रमांक आणि चार अंकी बिलिंग युनिट टाकायचं. समोर ग्राहकाचं नाव आणि रक्कम येते. इथे वीज कंपनी फक्त एवढंच बघते की पैसे कुठल्या खात्यावर जमा करायचे. पैसे देणारा खरा आहे का, हे तपासायचं काम तुमची बँक करते, यूपीआय पिनने किंवा ओटीपीने. दुकानात न जाता कार्डाने पैसे भरताना जास्तीची खातरजमा करणं रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९पासून बंधनकारक केलं. तेव्हाही लोक "आता हा कसला ताप" म्हणाले होते.

समोर आलेलं नाव वाचायची तसदी मात्र आपण घेत नाही. ग्राहक क्रमांकातला एक आकडा चुकला की आपले पैसे तिसऱ्याच्याच मीटरवर जमा. परत मिळवायला अर्ज, पावत्या, हेलपाटे. ते नाव वाचायला दोन सेकंद लागतात.

आपली ओळख झाली, कंपनीची कोण तपासणार?

सगळ्यात कच्चा दुवा इथे आहे. ओळख विचारायचा हक्क कंपनीने घेतला, आपल्याला उत्तर द्यायची सवय लागली, आणि भामट्यांनी त्या सवयीचाच गणवेश चढवला.

२०२२ मध्ये महाराष्ट्रासह देशभर एक मेसेज फिरला. मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, लगेच या अधिकाऱ्याला फोन करा. खाली कुणाचा तरी साधा दहा अंकी मोबाइल नंबर. घाबरून फोन केला की तो 'अधिकारी' अदबीने ग्राहक क्रमांक विचारायचा, मग एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखं अ‍ॅप टाकायला सांगायचा आणि "पडताळणीसाठी फक्त दहा रुपये भरा" म्हणायचा. ते दहा रुपये भरताना तुमची स्क्रीन त्याला दिसत असायची. पुढे खातं रिकामं. यात बळी गेलेल्यांत शिकलेसवरलेले, निवृत्त लोक भरपूर होते. बिल वेळेवर भरणारा माणूसच थकबाकीच्या नुसत्या शब्दाने घाबरतो.

हल्ली अ‍ॅपऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल येते, वाहतुकीच्या चलानाची किंवा वीजबिलाची म्हणून. ती उघडलीत तर तुमचे ओटीपीसुद्धा तिकडे जाऊ शकतात.

खऱ्या-खोट्याचा फरक ओळखायला काही खुणा आहेत. तुम्ही स्वतः फोन लावलात आणि समोरच्याने जन्मतारीख विचारली, तर ती पडताळणी. त्याने फोन लावला आणि तुम्हाला विचारलं, तर फोन ठेवून बिलावर छापलेल्या नंबरवर आपण करायचा. खरी कंपनी पिन, कार्डामागचे तीन अंक किंवा फोनवर आलेला ओटीपी तोंडी मागत नाही. कंपन्यांचे एसएमएस दहा अंकी नंबरवरून येत नाहीत, कंपनीच्या नावाच्या अक्षरांवरून येतात. महावितरणच्या मेसेजमध्ये 'एमएसईडीसीएल' ही अक्षरं असतात. पैसे पाठवण्याआधी घेणाऱ्याचं बँकेतलं खरं नाव दिसण्याची सोय २०२५ मध्ये यूपीआयवरही सक्तीची झालीये. 'वीज बिल' म्हणून क्यूआर स्कॅन केला आणि समोर कुणा व्यक्तीचं नाव आलं, तर तिथेच थांबा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तर आले.

आणि त्या साडेनऊच्या धमकीचं म्हणाल, तर वीज कायदा २००३चं कलम ५६ बघा. थकबाकी असली तरी कंपनीला वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मोबाइलवर मेसेज टाकून त्याच रात्री वीज तोडायची मुभा त्यात नाही. हे एवढं वाक्य घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, विशेषतः आईबाबा आणि काका-मावश्या असलेल्या ग्रुपवर टाकून ठेवा.