मागच्या रांगेतली पोर

जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. चैत्रात फडांच्या राहुट्या लागतात, जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. पण इथं नव्या पोरीला शिकवतं कोण? शाळा नाही, मास्तर नाही. गौळणीत मागं उभं राहायचं, पुढचीचे पाय बघायचे. चाळ बांधायला शिकवील एखादी मावशी, तिच्या सवडीनं. अंगावर उचल असते. पाय सुजले तरी हंगाम मोडता येत नाही.

विठाबाईंना (१९३५–२००२) निदान घरचाच भाऊ-बापूंचा फड होता. तरी खेळ चालू असताना त्या बाळंत झाल्या अन् पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. आपण हे कौतुकानं सांगतो. त्या रात्री ‘बाई, आज राहू द्या’ म्हणायला प्रेक्षकच का लागले?